वैतागलेला पेन्शनर मागे काय ठेवून जातो

मी, 'एक वैतागलेला पेन्शनर', वय पेपरात अठ्ठ्याहत्तर आणि घरात एकवीस, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवतो. प्यायलेलो नाही, कुणी गचांडी धरलेली नाही. शुद्धलेखन बघू नये, शाळेत मराठीत मी काठावर पास झालोय.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो. निवडणूक आली की आपल्या पेपरात 'वाचकांचा आवाज'मध्ये जी खडूस पत्रं येतात, ती माझी. मी झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. पोरगं बोललं की आगाऊपणा आणि म्हातारा तेच बोलला की अनुभव, म्हणून मी म्हातारा झालो.

कलम १. घर. पेपरला मी 'चौकामागे, डावीकडे' असा पत्ता दिला होता. तिथे सार्वजनिक मुतारी आहे. संपादकांनी आजपर्यंत कधी जाऊन बघितलं नाही. उमेदवाराकडून पेन्शनरसाठी भिंतीवरचं घड्याळ त्याच पत्त्यावर येतं. आणणारा माणूस आत जाऊन मोकळा होतो आणि घड्याळ घेऊन परत जातो. तर सदर वास्तू मी संपादकांना देतो. 'वाचकांचा आवाज' तिथेच हलवावा. वाचक आपोआप येतील, भिंतींवर मजकूरही तयार आहे.

कलम २. 'एक गृहिणी', 'एक तरुण मतदार' आणि 'एक निष्पक्ष नागरिक' हे माझ्या पत्रांना उत्तरं देतात. तिघंही म्हणजे उमेदवाराचा मेव्हणा. तिघांची पत्रं तो आमच्याच दुकानात टाइप करून घेतो, करणारा मीच. 'कार्यसम्राट' सोडून तिघांना दुसरा शब्द येत नाही. एकदा गृहिणीच्या पत्राखाली त्याने 'आपला भाऊ' घातलं. मी तसंच जाऊ दिलं, पेपरातही तसंच आलं. तिघांना मिळून मी माझं डोकं देतो. वाटून घ्यावं, भांडू नये.

कलम ३. उमेदवार. यांना आम्ही कातरशेठ म्हणतो, कारण फीत कापण्यापलीकडे यांनी हाताने काही केलेलं कुणी बघितलेलं नाही. आमच्या गल्लीतल्या दवाखान्याचं उद्घाटन त्यांनी तीन निवडणुकांत तीनदा केलं. दरवेळी फीत नवी, कुलूप तेच. आजीच्या छातीत कळ आली तेव्हा आजोबांनी तिला हातगाडीवर घालून तिकडेच नेलं, कारण पाटीवर 'चोवीस तास' लिहिलंय. कुलूप बघून मोठ्या दवाखान्याकडे वळले, पण आजी तिथवर पोचली नाही. मी पत्रं लिहायला लागलो ते तेव्हापासून. कातरशेठना मी माझं तोंड देतो. त्यांचं स्वतःचं कुठे दाखवायच्या लायकीचं राहिलेलं नाही.

कलम ४. आता घोळ झाला तो. म्हाताऱ्यासारखं लिहायचं तर म्हातारा आणायचा कुठून? घरात एकच होता. 'डोळे आहेत की बटणं', 'मला काय दोरीवर वाळत घातलंय का', ही सगळी आजोबांची वाक्यं मी बिनधास्त उचलली. त्यामुळे आख्खा चौक समजून बसला की पेन्शनर म्हणजे आमचे आजोबा. कातरशेठही तेच समजले. परवाच्या सभेत त्यांनी आजोबांना स्टेजवर नेलं, गादीच्या खुर्चीत बसवलं आणि माइकवर म्हणाले, "आमचे सगळ्यात कडक टीकाकार आज आमच्यासोबत आहेत." आजोबांनी हात वर केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांना काय, लाइट गेली आणि आली तरी वाजवतात.

सभा संपल्यावर खुर्ची टेम्पोने घरपोच आली. भेट म्हणून. आजोबा तिच्यातच बसले होते.

"आजोबा, तुम्ही कधी लिहिलंत हो पत्र?"

"नाही लिहिलं."

"मग हो कशाला म्हणालात?"

"शब्द माझेच होते की. आणि तुझी आजी गेल्यापासून मला कुणी विचारलंय का, काय हो, तुमचं मत काय?"

"आणि ते कुलूप?"

यावर ते खुर्चीचा हात चोळत राहिले.

आज सकाळी मला हाक मारली. म्हणाले, "त्यांना उद्याच्या पेपरात माझं पत्र पाहिजे. पाठिंब्याचं. प्रचार थांबायच्या आधीचा शेवटचा अंक आहे म्हणे. मला नाही जमायचं. तू दे लिहून, तुला सवय आहे."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी लिहितो ते?"

"अरे, मला डोळे आहेत की बटणं?"

देतो म्हणालो. लिहिलंय ते हे.

कलम ५. सबब पेन्शनर आज मरतोय. मरणाचं कारण, खुर्ची. मेलेल्याचा पाठिंबा कुणी खिशात घालू नये. त्याचं पेन आणि त्याची सगळी वाक्यं ज्यांची होती त्यांना, म्हणजे आजोबांना, परत. खाली साक्षीदाराची एक जागा त्यांच्यासाठी मोकळी ठेवली आहे. सही केली तर खुर्ची जाईल, आणि स्टेजवर खोटा हात वर केला म्हणून चौकात लोक हसतील. नाही केली तर हा कागद पेपरात जाणार नाही, पाठिंब्याचं पत्र मेव्हणा लिहील, आणि दवाखाना चौथ्यांदा उघडेल. माझी जबरदस्ती नाही. आजोबा, तुमचं मत काय, एवढंच विचारतोय.

स्थळ: झेरॉक्सच्या दुकानाचा काउंटर
दिनांक: मतदानाच्या आधीचा शुक्रवार, दुपार

सही: एक वैतागलेला पेन्शनर (कै.)

साक्षीदार १: दुकानाचा मालक. वाचलं नाही, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून सही केली. दुकानाचा कागद वापरल्याबद्दल पोराला नंतर बघतो.

साक्षीदार २: मी याचा आजोबा. चष्मा लावून दोनदा वाचलं. पत्रं याची, शब्द माझे, पाठिंबा कुणाचाच नाही. हसायचं त्यांनी हसावं. खुर्ची दवाखान्याच्या दारात नेऊन ठेवली आहे. कातरशेठनी येऊन बसावं आणि डॉक्टरची वाट बघावी. पाटीवर चोवीस तास लिहिलंय.