मोकळ्या माणसाचा जानेवारी

३ जानेवारी, रविवार. सकाळी १०.४०
आत्ताच उठलो. शेजारची जुळी सहापासून भिंतीवर चेंडू आपटतायत आणि त्यांचा बाप सहापासून ओरडतोय. बिचारा. आम्ही मूल नको हे नऊ वर्षांपूर्वी शांत डोक्याने ठरवलं. कारणं दोन: बायकोचे पूल आणि माझं पुस्तक. ती पुलांची इंजिनिअर. नऊ वर्षांत तिचे चार पूल झाले. माझ्या पुस्तकाचं नाव ठरलंय, ‘मोकळा संसार’. मूल नसलेल्यांसाठी मार्गदर्शन. दहा प्रकरणं. अर्पणपत्रिका तयार आहे.

५ जानेवारी
प्लॅन: पहाटे पाचला उठणे, पोहणे, दोन तास लेखन, मग खेळण्यांचा कारखाना. मुलंबाळं असलेल्यांना असला प्लॅन स्वप्नातही जमायचा नाही.
उठलो ८.१०ला. अलार्म तीनदा वाजला म्हणे. बायकोने तो तीनदा बंद केला, चहा केला, डबा भरला, माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. पण मला काही उठवलं नाही. एवढं एकच काम तिच्याकडे होतं.

८ जानेवारी
कारखान्यात सुपरवायझर म्हणाला, तुम्हाला मूल असायला हवं होतं, खेळण्यांची एवढी माहिती आहे. मी दिवसभर बाहुल्यांचे हात ओढून बघतो, निघतात का. मुलांचा एवढा अनुभव पुरे, असं त्याला सांगितलं. हा संवाद प्रकरण दोनमध्ये घेणे.

११ जानेवारी
ताईचा फोन. प्रश्न नेहमीचाच: म्हातारपणी तुमचं कोण करणार? माझं उत्तर पाठ आहे. आम्ही दोन स्वतंत्र माणसं आहोत, कुणावर भार टाकणं तत्त्वात बसत नाही. बायकोनेही ऐकावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. ती तेव्हा माझ्या अंगठ्यात घुसलेलं कुसळ काढत होती. मी हूं की चूं केलं नाही. ताईने विचारलं, मघाशी ओरडलं कोण?

१८ जानेवारी
मोठी बातमी. बायकोला पाचव्या पुलाची ऑफर. या वेळी चीफ इंजिनिअर. दोन वर्षं साइटवर राहायचं, महिन्यातून एकदा घरी. ती म्हणाली, असा पूल आयुष्यात एकदाच मिळतो. बोलता बोलता तिने वर्तमानपत्राच्या कडेला पेनने तो पूल काढूनही दाखवला. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. तीस तारखेपर्यंत कळवायचंय.
मी एका क्षणात म्हणालो, जा. यासाठीच तर आपण मोकळे राहिलो. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. भारावली असणार.
मग मी तिला विचारलं, कुकर कुठे असतो?

२१ जानेवारी
बायको चार दिवस साइट बघायला गेली. माझी रंगीत तालीम. आजपासून पुस्तक जोरात.
दुपारी १. स्वतः भात केला. सहा माणसांना पुरेल. वरचा भाग कच्चा, खालचा करपलेला. मधला उत्तम.
दुपारी ४. टॉवेल सापडेना. फोन केला. कपाटात, नेहमीच्या जागी. नेहमीची जागा कुठली हे विचारायला पुन्हा फोन केला.

२२ जानेवारी
गिझर चालेना. फोन. बटण भिंतीवर असतं. ती त्या वेळी नदीच्या मधोमध खांबावर उभी होती, तिच्या भोवती आठ माणसं नकाशा धरून उभी होती, असं तिने सांगितलं. दोन दिवसांत अकरा फोन झाले म्हणाली. माझ्या मोजणीने नऊ.
पुस्तक: लेखक एकटा असताना लेखन होत नाही, असं दिसतं.

२३ जानेवारी
ताप. ९९.१. तिला कळवायचं नाही असा पक्का निर्धार केला. फक्त थर्मामीटरचा फोटो पाठवला. शब्द एकही लिहिला नाही.
संध्याकाळी ती घरी. एक दिवस आधीच. यायची काय गरज होती, असं मी तिला सूप पिता पिता स्पष्ट सांगितलं.

२७ जानेवारी
ती ऑफरबद्दल काही बोलत नाही. मीही दबाव टाकत नाही. निर्णय सर्वस्वी तिचा. तिला मुभा देणारा नवरा, असं एक प्रकरण हवंच.

२९ जानेवारी, सकाळी ८.२०
टेबलावर ऑफरला उत्तर म्हणून लिहिलेलं तिचं पत्र दिसलं. सही झालेली. ‘घरात माझ्यावर पूर्णपणे अवलंबून असलेली एक व्यक्ती असल्यामुळे हे पद मला स्वीकारता येत नाही.’
आधी वाटलं, तिची आई. पण सासूबाई मेहुण्याकडे असतात आणि रोज पाच किलोमीटर चालतात. मग वाटलं, काहीतरी कारण द्यायचं म्हणून दिलं असेल. पत्र पुन्हा वाचलं. या घरात आम्ही दोघंच आहोत.
नऊ वर्षं मी लोकांना सांगत आलो की आम्ही कुणाला वाढवत नाही.
अजून वेळ होता. ती आत तयार होत होती. ठरवलं, आत्ताच्या आत्ता सांगायचं, पत्र फाड, तू जा, मी शिकेन. उठलो. चष्मा सापडेना. तिला हाक मारली.
तिने फ्रिजवरून काढून दिला. विचारलं, आणखी काही सांगायचंय का?
मी म्हणालो, नाही, एवढंच.
तिने पत्र पाकिटात घातलं आणि गेली. मला लाज वाटली. हायसंही वाटलं. हायसं जास्त.