पातेऱ्याचा विडा

आंबेशेत, ता. म्हसळा
५ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ.

पत्र बघून घाबरू नकोस बाय, घरात सगळे ठणठणीत आहेत. गेला तो फक्त माझा फोन. दिघीहून फेरीबोटीने आगरदांड्याला जाताना कठड्याशी उभा राहून मासे टिपणाऱ्या पाखरांचा व्हिडिओ काढत होतो. एका पाखराने भला मोठा मासा उचलला आणि मी आनंदाने टाळी वाजवली. पुढचं तुझं तू समज. तुझ्या काकूकडे फोन आहे, पण ती स्पीकर लावल्याशिवाय बोलत नाही, आणि घरातलं गुपित आपल्याआधी अख्ख्या वाडीला कळतं. म्हणून आता पत्र.

खरी बातमी पुढे आहे. पलीकडच्या वाडीतले सुपारीचे बागायतदार रतनभाऊ, त्यांच्या प्रणालीचं लग्न ठरलं. पोरगी श्रीवर्धनला नर्स आहे. रतनभाऊ आले तेव्हा मला वाटलं, नेहमीसारखा आपला खालूबाजा ठरवायला आले. सनई, ढोल, टिमकी आणि माझी नाचणारी माणसं यांच्याशिवाय आपल्याकडे हळद लागते कुठे? पण ते म्हणाले की पोरीला हळदीला तेजस्वीचाच बँड हवाय, ती तुझं ते तिरप्या चालीच्या कुर्लीचं गाणं ऐकल्याशिवाय ड्युटीवर जात नाही. माझी छाती एवढी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. खोटं वाटत असेल तर काकूला विचार. तिथल्या तिथे पाच माणसांसमक्ष तुझ्या वतीने शब्द देऊन मी नारळ आणि विडा घेतला आणि देवापुढे ठेवला.

तर शनिवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. ड्रमवाल्या स्वराजला आणि जाड तारांच्या गिटारवाल्या हितेशला घेऊन आदल्या दिवशीच ये. एक तेवढं सांग, बँडला ‘पातेरा’ हे नाव कुणी सुचवलं? बागेतला वाळका पाला झाडून पेटवतात, त्याचं नाव कुणी बारशाला ठेवतं का? पाहुण्यांना सांगताना माझी पंचाईत होते.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
हरेश्वरकाका

*

नेरूळ
१० जानेवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्वराजने मोठ्याने वाचून दाखवलं. फोन खाडीत गेला तिथपर्यंत आम्ही हसत होतो, बटण तुटलं तेव्हा हितेश फरशीवर लोळत होता. मग तारीख आली आणि लोळणारा हितेश ताडकन उठून बसला.

काका, १५ फेब्रुवारीला मुंबईत मोठा संगीत महोत्सव आहे आणि तिथे नव्या बँडसाठी वेगळा मंच असतो. साडेचारशे अर्जांतून अकरा जण निवडलेत, त्यात आम्ही आहोत. संध्याकाळी पाच ते पाच पंचवीस. तुम्हाला फोन करून सांगणार होते तर तुमचा फोन माशांकडे!

तीन वर्षं मी कॅफेत गातेय आणि कॉफीचं मशीन माझ्याहून वरच्या पट्टीत गातंय. मागच्या कार्यक्रमाला चौदा माणसं होती, त्यात चार वेटर. आणि तुम्हाला माहीत आहेच, बाबांशी माझं काय ठरलंय. या वर्षी काही झालं नाही तर त्यांच्या रोह्याच्या कंपनीत ऑफिसात चिकटायचं आणि गिटार माळ्यावर टाकायची. या पंचवीस मिनिटांवर सगळं आहे. मला न विचारता तुम्ही विडा घेतलातच कसा? मी चिडलेय, पण तुमच्या बटणामुळे नीट चिडताही येत नाही. कृपा करून तो नारळ परत करा. रतनभाऊंना माझ्या नावाने काय हवं ते सांगा.

राग धरू नये, लोभ मात्र घट्ट धरावा.
आपली,
तेजस्वी

*

आंबेशेत
१५ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ.

अगं, साडेचारशेंतून अकरा! काकूने पत्र वाचलं आणि फोन लावून स्पीकरवर दोन तालुक्यांना कळवलं. तारीख तेवढी मी तिला सांगू दिली नाही.

चुकलो बाय. पण माझ्या डोक्यात ते शिरलंच नाही. आपल्या बाजात विडा घेतो तो म्होरक्या. सनईवाल्याला, ढोलवाल्याला कुणी विचारत नाही. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तुझ्या आजोबांनी बोर्लीचा विडा घेऊन ठेवला होता. सकाळी तिकडे मी दुसऱ्याच्या वरातीत ढोल वाजवला आणि दुपारी घामाने निथळत स्वतःच्या मांडवात उभा राहिलो. काकूच्या मावशीने विचारलं की नवरा कुठला, आणि वाजंत्री कुठला? त्यामुळे तुला विचारायला हवं हे मला तुझं पत्र आल्यावर कळलं.

खरं तर घेतलेला विडा परत करायची आपल्यात रीत नाही. चाळीस वर्षांत मी केलेला नाही. अडचण आलीच तर आपल्या तोडीचा दुसरा बाजा बदली पाठवायचा, म्हणजे शब्दही राहतो आणि मांडवही सुना पडत नाही. पण म्हसळा तालुक्यात गिटारीला बदली मी कुठून आणू? डीजेवाला आहे एक, तो बदली नव्हे, आपत्ती आहे. तेव्हा उद्याच जाऊन नारळ परत करतो. तू काळजी न करता सराव कर.

लोभ तुझ्यावर होता तेवढाच आहे, तसूभर कमी नाही.
तुझा,
काका

*

आंबेशेत
२४ जानेवारी २०२५

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ.

हे पत्र मी लिहिलंय हे तुझ्या काकांना कळता कामा नये. फोन केला असता, पण माझ्या फोनची कीर्ती तुला माहीत आहे.

नारळ अजून आमच्याच देव्हाऱ्यात आहे. काका तीन वेळा तो घेऊन रतनभाऊंकडे गेले. पहिल्यांदा तिथून दोडकी घेऊन आले. दुसऱ्यांदा लग्नपत्रिका घेऊन आले. तिसऱ्यांदा तर मांडवात तुमच्यासाठी लाकडी फळ्यांचा उंच मंच बांधायचं ठरवून आले, आणि घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. प्रणाली दारातच उभी असते म्हणे, गाणं गुणगुणत. तिच्या तोंडावर कसं सांगायचं, असं म्हणतात. आता नारळाला कोंब आलाय.

तू तुझा कार्यक्रम सोड असं मी मुळीच म्हणत नाही. उलट सोडलास तर मीच तुझे कान धरीन. पण माणूस दोन घासांवर आलाय आणि ढोलाला आठ दिवस हात लावलेला नाही. काहीतरी युक्ती काढ, तुझं डोकं चालतं.

माया असू द्यावी, आणि वरचेवर कळवत जावी.
तुझी,
सुचिताकाकू

*

नेरूळ
२९ जानेवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

नारळाला कोंब आल्याचं मला कुणी कळवलंय हे विचारू नका, सांगणार नाही.

आलेली पत्रं मी दोन दिवस उलटसुलट वाचली. मग लक्षात आलं की प्रणालीआधी तीन वर्षांत माझं नाव घेऊन मला कुणी बोलावलेलंच नाही. मीच अर्ज भरते, मीच दारं वाजवते. महोत्सवाने आमचा अर्ज निवडला, प्रणालीने आमचं गाणं निवडलं. आणि माझ्यापायी तुमचा शब्द पहिल्यांदा मोडावा हे मला जमायचं नाही. आम्ही हळदीला येतोय. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही.

पण विडा तर आम्हीही घेतलाय, महोत्सवाचा. तेव्हा रीतीप्रमाणे आपल्या तोडीचा बदली बाजा पाठवायला हवा, आणि तो माझ्या माहितीत एकच आहे. काका, तुम्ही मुंबईला जायचं. सनई, ढोल, टिमकी, नाचणारी माणसं, सगळी. आयोजक बाईंना मी तुमचं गेल्या शिमग्यातलं रेकॉर्डिंग ऐकवलं. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचे पाय हलायला लागले. आमचंच नाव राहणार. स्वराजने फॉर्ममध्ये लिहून टाकलंय: पातेरा, मूळ संच. पंचवीस मिनिटांत आटपा मात्र, तिथे घड्याळ लावलेलं असतं.

लोभ असावा, आणि नकार नसावा.
आपली,
तेजस्वी

*

नेरूळ
१७ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

काल माणगावच्या वाहतूक कोंडीत तुमचा टेम्पो उलट दिशेने आला आणि तुम्ही ढोल डोक्यावर धरून नाचताना दिसलात. काय ओरडत होतात ते काही ऐकू आलं नाही. आम्ही पोचण्याआधीच तुम्ही मुंबईला निघाला होतात, म्हणून दोन दिवस तुमच्या घरी राहूनही भेट झाली ती एवढीच.

हळद सांगते. पहिल्या गाण्याला सगळे आमच्याकडे नुसते बघत होते. मग स्वराजने घाबरून ड्रमवर तुमचा खालूचा ठेका धरला, दोन दिवस वाडीतल्या पोरांकडून शिकत होता तो, आणि मी त्यावर कुर्लीचं गाणं सुरू केलं. प्रणाली हळदीच्या अंगाने पाटावरून उठली ती सरळ नाचायला. तिच्या मागे सोनूबाई, रतनभाऊंची आई, वय वर्षं ऐंशी. मग चारशे माणसं, सगळी कुर्लीसारखी तिरकी! तेच गाणं सात वेळा वाजवलं. तिसऱ्या खेपेला बायकांनी शेवटची ओळ बदलून टाकली. मी लिहिलं होतं की कुर्ली बिळात जाते, त्यांनी गायलं की कुर्ली बिळात कशाला जाईल, मांडव सोडून? माझ्यापेक्षा बरी ओळ आहे. आता तीच ठेवणार.

बाबा रोह्याहून आले होते, काकूच्या स्पीकरवरून कळलं म्हणे. मांडवाच्या खांबाला टेकून हाताची घडी घालून उभे होते, शेवटपर्यंत. सकाळी अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीच आमच्या टेम्पोत चढवला आणि म्हणाले की रोह्याचं काय ते पुढच्या वर्षी बघू. मी टेम्पोत बसल्यावर रडले. हितेशला वाटलं कांदेपोह्यांत मिरची जास्त झाली.

मे महिन्यापर्यंतच्या तीन हळदी ठरल्यात, दोन श्रीवर्धनकडच्या, एक काशीदला. तिन्ही विडे मी स्वतः घेतले. तुमचं मुंबईचं लगेच कळवा, मला राहवत नाही.

लोभाला सुट्टी देऊ नये.
आपली,
तेजस्वी

*

आंबेशेत
२० फेब्रुवारी २०२५

चि. तेजस्वीस,
अ. उ. आ.

मुंबई हलवून आलो! मंचावर चढायच्या आधी आम्ही रीतीप्रमाणे चपला काढून पायरीला हात लावला. ते बघून खालची पोरंपोरीही बूट काढायला लागली. त्यांना वाटलं, असंच करायचं असतं. पाचशे माणसं अनवाणी. सनई सुरू झाली आणि पहिली रांग आमच्या नाचणाऱ्यांसारखी कमरेत वाकली, मग दुसरी, मग ती अंगभर गोंदवलेली मुलं गोल धरून खालू नाचायला लागली. पंचवीस मिनिटं झाल्यावर घड्याळवाल्याने हात केला. मला वाटलं, शाबासकी देतोय. मीही हात केला आणि चाळीस मिनिटं वाजवलं. शेवटी तोही नाचत होता. निघताना बुटांचा असा काला झाला की मी लाल बूट घालून घरी आलोय. काकू म्हणते, शोभतात.

त्या आयोजक बाई मला शोधत आल्या आणि पुढच्या वर्षी दोन्ही संच हवेत म्हणाल्या, मूळ आणि नवा, मोठ्या मंचावर. माझा हात सवयीने पुढे झाला होता, तो मी मागे घेतला. म्हटलं, पोरीला विचारा, तिच्या तारखा तिच्याकडे असतात. त्यांचा फोन येईल.

आता एक सांगायचंय. गेल्या वर्षी वाशीला तुझा कार्यक्रम होता आणि कंबर धरली म्हणून येत नाही, असं मी कळवलं होतं. कंबर धरली नव्हती. मी आलो होतो. काचेच्या दाराबाहेर उभा होतो, डोक्यावर टोपी, हातात तुझ्यासाठी घावन्यांचा डबा. आत सगळी काळ्या कपड्यांतली पोरं. दारावरच्या मुलाने चांगल्या मनाने विचारलं की डिलिव्हरी कुणाची आहे. मी म्हटलं, पत्ता चुकला, आणि मागे फिरलो. डबा पनवेलच्या स्टँडवर मीच खाल्ला.

म्हणून विडा घेतला बाय. तुझ्या दारातून मला आत येता येईना, तेव्हा तुलाच आपल्या दारी बोलावलं. आणि तू आलीस तेव्हा मी मुंबईत! तीन वर्षं गावभर तुझी तारीफ करतोय आणि समोर बसून तुला एकदाही ऐकलेलं नाही. आता सगळी वाडी कुर्लीचं गाणं गाते. नुसता मीच राहिलोय.

लोभ करावा, म्हाताऱ्याला हसू नये.
तुझा,
काका

*

नेरूळ
२५ फेब्रुवारी २०२५

ती. स्व. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. एकटी, गिटार घेऊन. बँड नाही, माईक नाही, वाडीला निमंत्रण नाही. काकूला फोन उशीखाली ठेवायला सांगा.

अंगणात एकच खुर्ची मांडा. तीत तुम्ही बसायचं, टोपी घालून. येतात तेवढी सगळी गाणी मी तुम्हाला म्हणून दाखवणार आहे, आणि माझं शेवटचं गाणं संपेपर्यंत तुम्ही ढोलाला हात लावायचा नाही.

आपली,
तेजस्वी