फ्लॉवरचा पुलाव

दादा,

बाबांच्या पुलावासाठी फ्लॉवर किसून, फडक्यात घट्ट पिळून ठेवलाय. कांदा-मटार परतून त्यात टाक. पाणी अजिबात घालू नकोस, मागच्या वेळी तू पार लगदा केला होतास. पाच मिनिटांत गॅस बंद कर.

काल तू गेल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "आता पथ्य राहू द्या. बाबांना हवं ते खाऊ द्या." सकाळी मी तांदूळ भिजवलेसुद्धा. मग वाटलं, दोन वर्षांनी ताटात खरा भात दिसला की बाबांना सगळं कळेल. टाकून दिले.

'हा कसला पुलाव!' म्हणून ते कुरकुरतील. तू नेहमीसारखा 'साखर वाढेल' म्हणून त्यांच्यावर ओरड. आज मला ते जमलं नसतं, म्हणून कामावर लवकर निघालेय.