कणांचं धुणं

जळगाव, मंगळवार, संध्याकाळ

कण धुतलेलं पाणी आजही कोरं आलं नाही. दिसायला नितळ, पण मशीनला त्यात किरणोत्सार सापडतोच. प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म कणांत किरणोत्सारी कार्बनची खूण घातली, ती केळीच्या रोपात प्लास्टिक कुठवर चढतं ते कळावं म्हणून. आता खूणच कणांतून सुटून पाण्यात उतरतेय. मग पानात जे सापडेल ते प्लास्टिक की नुसता सुटा कार्बन? कोण सांगणार?

प्रयोगशाळेत सर म्हणाले, "टाकून दे, नव्याने कर." टाकून दे म्हणे! त्या पाण्याचा थेंबही बेसिनमध्ये सोडता येत नाही. हातमोज्यांसकट सगळं पिंपात भरून सील केलं. पाठ मोडून गेली. रोपं मात्र खिडकीत वाढत चाललीत.

घरी येते तोच रावेरहून वडिलांचा फोन. माझं रडगाणं नको म्हणून मीच विचारलं, "आबा, घडांवरच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या का?"

"काढल्या ना. बांधावर जाळल्या साऱ्या."

"आणि राख?"

"जळलं न जळलं ते टाकलं केळीच्या बुडाले. उद्या घड पाठवतो तुले, खाय पोटभर."

त्या पिशव्यांत कोणी खूण घातलेली नाही. त्या कुठवर चढल्या, हे कुठलंच मशीन सांगणार नाही. बोलायला हवं होतं मी. पण त्या पाण्यानेच इतकी दमले होते, की म्हटलं, "पाठवा, आबा."