सत्तावीस अक्षरांचा पासवर्ड

३ मार्च, सकाळी ७.१०
ठरलं. घरातल्या लॅपटॉपवरची विकतची सिस्टीम काढून तो फुकटच्या लिनक्सवर न्यायचा. सात वर्षांचं यंत्र, सुरू होईपर्यंत माणसाची आंघोळ उरकते. शिवाय सुरक्षितता! ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांसमोर उघडा, हजारो तज्ज्ञ वाचतात, चूक लपणार कुठे? हे सगळं बिल्डिंगच्या ग्रुपवर सविस्तर टाकलं. खालच्या दुकानातल्या केमिस्टने विचारलं की हजारो वाचतात हे ठीक, तुम्ही वाचलाय का. असल्या खोचक प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

४ मार्च, ऑफिस
लिफ्टच्या तक्रारी घेऊन घेऊन कान किटले. आज एक बाई चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या होत्या. मेकॅनिक पोचेपर्यंत फोनवर त्यांना वीस मिनिटं ओपन सोर्स समजावून सांगितलं. एकदाही विरोध केला नाही त्यांनी.

५ मार्च
हिला सांगितलं. हिची ११ तारखेला, सकाळी अकराला, ऑनलाइन मुलाखत. स्पीच थेरपिस्टची कायमची जागा. सहा वर्षं हंगामी नेमणुकीवर काढलीत हिने. दर वर्षी नवं पत्र येतंय की नाही, म्हणून महिनाभर जीव टांगणीला. तर ही म्हणाली की मुलाखत होईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नकोस. मी म्हटलं, अगं, त्यासाठीच तर करतोय. ऐन मुलाखतीत व्हायरस आला म्हणजे? ही कपाळाला हात लावून आत गेली. पटलं असावं.

६ मार्च, सायंकाळी ६
झालं! बावीस मिनिटांत! वाय-फाय दिसत नाही. कार्डाचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. ड्रायव्हर इंटरनेटवर आहे. इंटरनेट वाय-फायवर आहे. किरकोळ बाब.

६.४०
केमिस्ट ग्रुपवर विचारतोय की आधी पेनड्राइव्हवरून सिस्टीम चालवून हार्डवेअर तपासलं होतं का, जुन्या यंत्रांचे सगळेच भाग तिला ओळखता येत नाहीत. याला काय कळतंय? खोकल्याची औषधं विकावीत.

७ मार्च
केबलने मोबाइल जोडून इंटरनेट घेतलं, ड्रायव्हर टाकला, वाय-फाय आलं. कॅमेराही चालतो. फक्त चित्र उलटं येतं. डोकं खाली, मान वर. आवाज मात्र खणखणीत. हिला म्हटलं, मुलाखत वाणीची आहे, चेहऱ्याची नाही. ही स्वयंपाकघरात गेली आणि डबे आपटू लागली.

८ मार्च, रविवार
ग्रुपवर खडाजंगी. केमिस्टचं म्हणणं, सुरक्षितता सिस्टीमवर कमी आणि वापरणाऱ्यावर जास्त असते. अपडेट वेळेवर करता का, पासवर्ड १२३४ तर नाही ना. सगळ्या बिल्डिंगसमोर! हसण्याच्या चौदा खुणा आल्या, त्यातली एक हिची. लागलं मला. आणि १२३४ हे त्याला कळलं कसं?
संकल्प: संपूर्ण डिस्क कुलूपबंद करणार.

९ मार्च, रजा
सगळं पुन्हा पहिल्यापासून टाकलं. आता पासवर्डशिवाय ब्रह्मदेवाचा बापसुद्धा आत येऊ शकत नाही. सत्तावीस अक्षरं. त्यात आकडे, चिन्हं, सगळं. असला पासवर्ड लक्षात ठेवणं अशक्य, कागदावर लिहिणं धोक्याचं. म्हणून लॅपटॉपमधल्याच एका फाइलमध्ये जपून ठेवला.
कॅमेराही सरळ झाला. सेटिंग सापडली. आठवड्यात पहिल्यांदा ही हसली आणि तीन तास बसून मुलाखतीच्या स्लाइड्स केल्या. ही रंगून काम करते तेव्हा फार छान दिसते.

१० मार्च
लॅपटॉप कालपासून बंदच केलेला नाही. उत्तम चाललाय. आत्ता अपडेट आलं. केलं. केमिस्टने बोट ठेवायला जागा नको. रीस्टार्ट उद्या सकाळी, म्हणजे मुलाखतीला यंत्र ताजंतवानं.

११ मार्च, सकाळी १०.०५
रीस्टार्ट केला. पासवर्ड मागतोय. फाइल आत आहे.

१०.२०
आठवतोय. सुरुवातीला मोठं अक्षर होतं. मध्ये कुठेतरी टक्क्याची खूण.

१०.३५
एकतीस प्रयत्न. सिस्टीम खरोखरच सुरक्षित आहे. हे ग्रुपवर टाकायला हवं.

१०.४०
ही तयार होऊन दारात उभी होती. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली की स्लाइड्स कालच पेनड्राइव्हवर घेतल्यात, तुला ओळखत नाही का मी. चप्पल घातली आणि त्याच्या कॉम्प्युटरवरून मुलाखत द्यायला खाली केमिस्टकडे गेली. सहा वर्षं वाट पाहिली हिने, आणि माझ्या हौसेपायी ऐन वेळी जिन्यावरून धावत गेली. लाज वाटली. खरंच वाटली.

१३ मार्च, सकाळी
पत्र आलं. कायमची जागा! ही पत्र दोनदा वाचून रडली. मीही थोडा.

दुपारी
मोठ्या मनाने केमिस्टकडे गेलो. म्हटलं, मानलं तुम्हाला, शेवटी तुमची विकतची सिस्टीमच कामी आली. त्याने काउंटरमागचा कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. लिनक्स. नऊ वर्षं दुकान त्यावरच चालतंय, यंत्र माझ्या लॅपटॉपहून जुनं. मग इतके दिवस वाद कशाला घातलात, विचारलं. तर म्हणाला की वाद तुम्ही घालत होतात, मी आपला विचारत होतो.

सायंकाळी
लॅपटॉप त्याच्याकडे पोचवला. शनिवारी नीट करून देणार आहे. नवा पासवर्ड ही ठरवणार, आणि तो मला सांगायचा नाही असं दोघांचं ठरलंय. सुरक्षिततेच्या दृष्टीने विचार केला तर बरोबरच आहे.