आईचा गार हात

बेळ्ळंदूर, बंगळूर
१८ जून २०२५

प्रिय अण्णा,

नमस्कार. आईला इथली हवा मानवली आहे. महानंदावहिनीने दिलेली चटणी संपत आली. फोन करत नाही, कारण तू तो स्पीकरवर टाकतोस आणि मागून वहिनी हसते. हे एकट्याने वाच.

आई चार घास झाले की हनुवटीखाली हात धरून जबडा वर ढकलते आणि चावते. निपाणीत ती भिंतीकडे तोंड करून जेवायची, ते यासाठी. तुला वाटलं, रुसली. दिवाळीत पाहुण्यांसमोर तू म्हणालास, "सकाळी अंगण झाडते, संध्याकाळी भाकऱ्या म्हटलं की हात गळतात." वहिनी म्हणाली, "सासूबाईंची बॅटरी उन्हं कलली की उतरते." आईही हसायला गेली, पण तिचे ओठ वर गेले नाहीत. तेही तुला रुसणंच वाटलं.

हात उचलायचा तर मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटतं. ते स्नायूच्या पेशीवरच्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, चिकटलं की विजेची लहर पसरते, आत साठवलेलं कॅल्शियम मोकळं होतं, प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकतात आणि पेशी आखडते. आईच्या शरीराने त्या ग्राहकांवरच हल्ला केला आहे. थोडेच शाबूत आहेत. विसाव्यानंतर रसायन भरपूर सुटतं, म्हणून सकाळी भागतं. तेच काम पुन्हा पुन्हा केलं की ते कमी कमी सुटतं, आणि एकेक पेशी आखडायची थांबते. याला कामचुकारपणा म्हणत नाहीत. मायस्थेनिया म्हणतात.

तू म्हणशील, मग डिसेंबरात इथे मी केलेल्या नसांच्या तपासणीचा रिपोर्ट नॉर्मल कसा? तोच, जो तू फ्रीजवर चिकटवलास आणि आई जरा बसली की ज्याच्याकडे बोट दाखवायचास.

परवा आमच्या हॉस्पिटलातल्या नसा-तपासणी विभागाच्या शेषगिरी सरांनी तो संगणकावर पाहून एवढंच विचारलं, "हात गरम केला होता?" गार हातात हा दोष झाकला जातो. म्हणून तपासणीआधी हात कोमट पाण्यात ठेवायचा. अनोळखी माणसांसाठी मी हे रोज करते. डिसेंबरात त्या दिवशी यादीत अकरा जण होते, आईला मी मध्येच घेतलं होतं. तिचा हात गार होता. मला कळलं होतं, मीच तो धरला होता. पण मलाही वाटत होतं की ती वाढवून सांगते.

परवा हात गरम करून पुन्हा तपासलं. नसेला सेकंदाला तीन विजेचे हलके झटके. चौथ्या झटक्याला स्नायूचा प्रतिसाद एकतीस टक्क्यांनी खाली. गोळ्या सुरू झाल्या आहेत, उद्या गुरुवारी छातीचा स्कॅन आहे.

रविवारी तिला न्यायला येऊ नकोस. या आजारात कधी श्वासही अडकतो. तुम्ही त्यालाही नाटक म्हणाल, आणि तेवढा वेळ तिच्याजवळ नसेल.

ती रोज विचारते, "मग तेव्हा कसं नाही गं दिसलं?" मी अजून उत्तर दिलेलं नाही. फ्रीजवरचा तो कागद फाडू नकोस, मला पाठव. खाली तपासणाऱ्याची सही माझी आहे. तो समोर ठेवूनच मला तिला सांगता येईल.

केवळ आईमुळे तुझी,
शिवलीला