शेळीचे नाव घोडा

मी, सत्यशीला रंभाजी ओहोळ, वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पण गावात याबद्दल दुसरे मत पसरवलेले आहे, म्हणून कलमांआधी ते निकालात काढते.

माझ्या दिराचा मुलगा सम्राट पारावर सांगतो, "काकूचं डोकं फिरलंय. शेळीला घोडा म्हनती, कुत्र्याला उंट. आसं मानूस कागद करनार आन् आपन तो मानायचा व्हय?"

शेळीला मी घोडा म्हणते, हे खरे आहे. कारण पुढीलप्रमाणे.

माझे पती कालकथित रंभाजी यांना बुद्धिबळाचा नाद होता. साखर कारखान्यातून आले की पट मांडायचा. खेळायला दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्यांनी मला शिकवले. दारात जनावर आले की त्याला लगेच नाव द्यायचे नाही, अशी आमची रीत. काही दिवस ते कसे चालते ते बघायचे, मग नाव. करडू दोन उड्या सरळ मारून तिसरी बाजूला मारायचे, म्हणून घोडा. कुत्रा अंगण कधी सरळ ओलांडत नाही, तिरका जातो, म्हणून उंट. मांजर भिंतीच्या कडेने सरळ जाते आणि आडवे आलेल्याला बाजूला करते, म्हणून हत्ती. कोंबड्या सगळ्याच प्यादी. गाय मात्र दावे सोडले की कुठेही जायची, ओट्यावर, स्वयंपाकघरात, शेजारच्या मालनबाईंच्या मेथीत. ती वजीर.

मालनबाईंना हे पटले नव्हते. "बाई, गाय हाय ती. वजीर काय? वजीरबाई तरी म्हना." त्या शेवटपर्यंत वजीरबाईच म्हणाल्या आणि गाय त्या हाकेलाही जायची.

राजा हे नाव कोणालाच दिले नाही. मी विचारले तेव्हा पती खाटेवर आडवे होते. म्हणाले, "राजा फारसा हलत नसतो. ते काम मी करतो." पुढे अर्धांगवायूने ते खरोखरच खाटेला खिळले. मग हा विनोद आम्ही दोघांनीही काढला नाही.

ज्या बाईला एवढे क्रमाने सांगता येते, ती शुद्धीवर आहे. आता मालमत्तेकडे येते.

कलम १. घर, गोठा व अंगण माझ्या पगारातून घेतले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. त्यात ओहोळ कुटुंबातील कोणाचाही हिस्सा नाही. हे सर्व मी शेजारी मालनबाई गहिनीनाथ शेलार यांना देते. अट एवढीच की घोडा, उंट, हत्ती आणि प्यादी यांना मरेपर्यंत इथेच ठेवावे व याच नावांनी हाक मारावी. बाई लावायचे असल्यास हरकत नाही.

कलम २. बँकेतील ठेव जनावरांच्या वैरणीसाठी व औषधासाठी मालनबाईंच्याच नावे राहील. उरेल ते त्यांचे.

कलम ३. सम्राट याला काहीही देत नाही. कारण लिहिणे बंधनकारक नाही. तरी लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी नगरच्या दवाखान्यात होते. मालनबाई माझ्या उशाशी होत्या. घराची किल्ली आणि जनावरे सम्राटकडे होती. मी परत आले तेव्हा वजीरची जागा रिकामी होती. सम्राट म्हणाला, "पोट फुगून मेली, काकू. वड्याच्या कडंला खड्डा घेतला. तुमाला तरास नको म्हनून कळवलं न्हाई." त्याचे डोळे ओले होते. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो हात मला परत हवा आहे.

संध्याकाळी मालनबाई गोठ्यात गेल्या आणि उभ्याच राहिल्या. खुंटीला वजीरचे दावे होते. गुंडाळी करून नीट अडकवलेले.

"मेलेल्या जनावराचं दावं खड्ड्यात जातं, बाई," त्या म्हणाल्या. "घरी येतं ते इकलेल्याचं."

आमच्याकडे जनावर विकले तरी दावे गिऱ्हाइकाला देत नाहीत. ते परत गोठ्यात येते, नाहीतर लक्ष्मी जाते म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी छप्पन साली देव्हारा सोडला, लक्ष्मीही सोडली. दावे ठेवायची रीत तेवढी राहून गेली. सम्राटला माझी लाज वाटली नाही, पण दावे द्यायचे धाडस झाले नाही.

बोलावून दावे त्याच्या हातात दिले. त्याने गुंडाळी सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाला, "टेम्पोवाल्याला दिली, मिरजगावच्या रस्त्याला. कुठला ते ठाऊक न्हाई. काकू, खरं सांगू का, तुमी माघारी येनार न्हाई आसंच वाटलं हुतं समद्यांना."

समद्यांना नाही. त्याला. मी श्वास घेत होते आणि त्याने वाटणीला सुरुवात केली होती.

मिरजगाव, काष्टी, जिथे जिथे जनावरांचा बाजार भरतो तिथे मी गेले. गायींच्या रांगांतून "वजीर, वजीर" अशी हाक मारत फिरले. एका व्यापाऱ्याने विचारले, "आजी, म्हातारं हरवलं का?" माणसे हसली. एकाही गाईने मान वर केली नाही. पतीच्या माघारी माझ्याशी घरात बोलणारी ती एकटीच होती. मी हाक मारायची, ती हंबरायची.

पती म्हणायचे, वजीर गेला म्हणून पट आवरायचा नसतो. मी आवरला नाही.

कलम ४. ते दावे खुंटीवरून काढू नये. सम्राट कधी आला, तर त्याला त्याच खुंटीखाली पाट द्यावा आणि तिथेच चहा द्यावा. साखर कमी करू नये.

कलम ५. बुद्धिबळाचा पट व सोंगट्या सम्राटची मुलगी सीमा हिला देते. त्या घरात घोड्याला नावाने हाक मारणारी ती एकटी आहे. हा सम्राटवर उपकार समजू नये. तिने बापाला रोज हरवावे, अशी इच्छा आहे.

कलम ६. साक्षीदारांबाबत. मालनबाईंना सही करायची होती. "मला सही येती, मंग का न्हाई?" म्हणून त्या रुसल्या आहेत. लाभ घेणाऱ्याने साक्ष देऊ नये, असे वकील सांगतात. सम्राटला यात कसलाच लाभ नाही. म्हणून साक्षीला त्यालाच बोलावले आहे.

साक्षीदाराला मजकूर वाचण्याची गरज नसते. त्याने फक्त मी सही करताना बघायचे असते. मी झाकलेले पान समोर ठेवीन व त्याच्या सहीवरच्या दोन ओळी तेवढ्या मोठ्याने वाचायला सांगीन. साक्षीला बोलावल्यापासून घर आपलेच आहे, असे तो धरून चालला आहे. दोन ओळींसाठी तो अडून बसणार नाही. उलट काकू शहाण्या आहेत, असे गावात सांगायची त्याला आता गरज आहे.

याआधी केलेले कोणतेही मृत्युपत्र नाही. हेच पहिले आणि शेवटचे.

ठिकाण: काष्टी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) सत्यशीला रंभाजी ओहोळ

सत्यशीला ओहोळ यांनी वरील सही आम्हा दोघांच्या समक्ष केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत होत्या व त्यांची बुद्धी शाबूत होती, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

साक्षीदार १: (सही) कानिफनाथ बाबूराव दरेकर, निवृत्त शिक्षक, काष्टी

साक्षीदार २: (सही) सम्राट किसन ओहोळ, पुतण्या, काष्टी